समासातल्या बाई

३ मार्च

"आमच्या बाई असत्या तर..." आज सात वेळा ऐकलं!

नऊ वर्षं मी हेच करते. कुणी डॉक्टर रजेवर गेला की त्याच्या जागी दोन-तीन महिने. बावीस दवाखाने झाले. एजन्सीवाला म्हणतो, "मॅडम, सगळे तुमचंच नाव मागतात." मागतील नाही तर काय! बॅग भरायला वीस मिनिटं, गाव विसरायला एक आठवडा. आजवर कुठल्या रजेवरच्या डॉक्टरचा हेवा वाटला नाही. या बाईंचा वाटतो. गुडघ्याचं ऑपरेशन करून मुलीकडे पडून आहेत, तरी इथे जिकडेतिकडे त्याच.

केसपेपरच्या समासात पेन्सिलीनं लिहून ठेवलंय — "सुनेला बाहेर बसवा, मग बोलते." "हिला वजन सांगू नका, रडते." दोन दिवस वाचलं. उपयोगही झाला. त्याचाच जास्त राग आला.

६ मार्च

समास वाचणं बंद. मला माझे डोळे आहेत.

११ मार्च

आईचा फोन. "तिथे तरी मन लागलं का गं?" लागलंय! तेच तर दुखणं आहे. समोरची शिंपीण जाता-येता हाक मारते. थोरल्या सिस्टरनं आज न विचारता बिनसाखरेचा चहा आणून ठेवला. इतकं बरं वाटलं! मग म्हणाली, "बाईंना दोन चमचे लागायचे." तळपायाची आग मस्तकात. चहा तसाच गार झाला.

१७ मार्च

दवाखान्याचे चेअरमन आले होते. बाई आता परत येणार नाहीत म्हणे. "तुम्ही कायमच्या राहता का? शुक्रवारपर्यंत सांगा."

पुन्हा या, असं बावीस ठिकाणी म्हणाले. राहा, असं कुणीच नाही. हो म्हणायला जीभ नुसती शिवशिवत होती. पण गप्प बसेन तर मी कसली — "बाईंना विचारलंत?" तर म्हणे, "त्यांनीच तुमचं नाव सुचवलं." घ्या! म्हणजे ही जागासुद्धा त्यांच्याच हातून घ्यायची.

१९ मार्च



गिरणीचा वॉचमन काल सकाळी आला होता. पोट जड वाटतं म्हणाला. दाबलं. "दुखतं का?" "नाही." बाहेर रांग होती, माझे डोळे कागदावर. पित्ताची गोळी देऊन घरी पाठवला. आज सकाळी बायको त्याला गाडीत घालून घेऊन आली. अपेंडिक्स फुटलेलं! तडक मोठ्या हॉस्पिटलात पाठवला. अजून काही कळलेलं नाही.

त्याचा केसपेपर काढला. समासात पेन्सिलीनं — "हा 'नाही'च म्हणतो. दाबताना चेहरा बघा."

सहा शब्द. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. मी जळकीनं ते वाचलेसुद्धा नाहीत.

२० मार्च

वाचला! सिस्टरनं सांगितलं तेव्हा औषधांच्या खोलीत जाऊन रडले.

बॅग भरली. एजन्सीवाल्याला सांगितलं, दुसरीकडे पाठव, लांब कुठेतरी. चेअरमनना अजून काही कळवलं नाही. कोणत्या तोंडानं कळवू?

२० मार्च, संध्याकाळ

बाईंचा फोन. पहिल्यांदाच आवाज ऐकला, अगदी साधा. सगळं सांगून टाकलं. समास का वाचत नव्हते, तेही. त्या म्हणाल्या, "त्याच्या थोरल्या भावाला मीही असंच विचारलं होतं. नाही म्हणाला. मी घरी पाठवला. तो नाही हो वाचला. त्यानंतर ही पेन्सिल."

"मग राहिलात कशा इथे?"

"महिन्याभरानं त्याची आई खोकल्याचं औषध मागायला माझ्याकडेच आली. जाणार कुठे बिचारी?"

चेअरमनना हो कळवलं.