वाहनतळाचा खटला

शनिवार, ३ फेब्रुवारी

आज समस्त वृत्तपत्रसृष्टीवर घोर अन्याय झाला. फुटबॉल स्टेडियमच्या पत्रकार कक्षातली क्रीमची बिस्किटं बंद! त्यांच्या जागी कसलीशी भुरकट बिस्किटं, चहात बुडवली की थेट तळ गाठणारी. क्लबच्या जनसंपर्कवाल्या बाईंना विचारलं, हे काय? तर म्हणे, "लीगचे आर्थिक नियम आहेत ना सर, काटकसर चाललीय." नेमका तेव्हाच नवा स्ट्रायकर शेजारून गेला. त्याच्या एका बुटाच्या किमतीत आमची जन्मभराची क्रीमची बिस्किटं आली असती! मी सभ्य माणूस. निषेध म्हणून भुरकट बिस्किटंच चार जास्त खाल्ली.

सामना हरलो. गेटवर दादा थांबला होता, नेहमीसारखा. वहिनी गेल्यापासून माझा हा थोरला भाऊ घराबाहेर पडतो तो एवढ्यासाठीच. एरवी पडदे ओढलेले, टीव्ही चालू, टीव्हीचा आवाज बंद. सामन्याच्या दिवशी मात्र बूट पुसून सगळ्यांच्या आधी हजर. आणि मग घरी जाईपर्यंत अखंड शिव्या – बचावफळीला, रेफ्रीला, मला. ऐकायला बरं वाटतं.

रविवार, ४ फेब्रुवारी

बिस्किटांचं मूळ सापडलं! लीगचा नियम साधा आहे : मिळकतीच्या मानाने उधळा. आमच्या क्लबने उधळलं भरमसाट. मग मिळकत फुगवायला स्टेडियमशेजारचं वाहनतळ विकलं – कुणाला? मालकांच्याच दुसऱ्या कंपनीला! भाव असा, की तिथे स्कूटर नव्हे, ऐरावत उभे राहत असावेत. लीग म्हणते हा बनाव आहे, गुण कापू. क्लब कोर्टात. क्लबचं म्हणणं : आम्ही नियम पाळला, शिवाय तुमचा नियमच बेकायदा आहे. आमच्या संस्कृतच्या सरांनी याला वदतोव्याघात म्हणून वर्गाबाहेर उभं केलं असतं.

बुधवार, ७ फेब्रुवारी

न्हाव्याचं दुकान तुडुंब. इथला रिवाज बाहेरच्यांना वेडेपणा वाटेल. खुर्चीत बसेल त्यानेच बोलायचं, बाकावरच्यांनी ऐकायचं. मध्ये तोंड घातलं की न्हावी – याला आम्ही न्यायमूर्ती म्हणतो – फवाऱ्याची बाटली उचलतो आणि नेम धरतो. त्यामुळे मोठा सामना हरलो की वस्तीतले झाडून सगळे पुरुष गुळगुळीत दिसतात. टकले मान चोळून घेतात, पण बोलतात.

खुर्चीत वकीलसाहेब. हा धंद्याने प्लंबर. उलटतपासणीची हौस म्हणून हे नाव. "लीग म्हणजे कोण? बड्या क्लबांची टोळी! आपण वर आलो की यांच्या पोटात दुखतं! आपलं पार्किंग, आपण वाट्टेल त्याला विकू!"

"आपलं?" मी म्हणालो. "परवा तुमची स्कूटर तिथून हाकलली तेव्हा –"

फस्स! चष्मा ओला.

मग दादा चढला. तोंडाला फेस, आरशातून नजर माझ्यावर. "क्लब आपल्याला फसवणार नाही. कोर्टात सगळं बाहेर येईल. आणि आमच्या धाकट्या पत्रकारसाहेबांनी जरा जपून लिहावं. घरचंच आहे ते."

घरचं! तळपायाची आग मस्तकात गेली. सकाळीच दाढी झाली होती, तरी बसलो. "दादा, विकणारा तोच, घेणारा तोच! याला विक्री म्हणत नाहीत. याला या खिशातून त्या खिशात म्हणतात!" दादा बाकावर, रिवाजाप्रमाणे गप्प, मुठी वळून. लगेच पुन्हा खुर्चीत – आता केस कापायला. त्यावर मी पुन्हा दाढी. दोघांचेही मुद्दे संपले नाहीत, केस संपले.

गाल सोलवटलाय. खोबरेल लावून लिहितोय.

शनिवार, १० फेब्रुवारी

लेख छापून आला. क्लब खोटा, लीग खरी, असं स्वच्छ लिहिलं. संपादक म्हणाले, "एरवी तुम्ही फार साखर घालता, आज मिरची दिसतेय." गेटवर दादा होता. "वाचलं," म्हणाला. बस. पुढे पुढे चालत राहिला. पण होता.

गुरुवार, १५ फेब्रुवारी

हसू की रडू! सुनावणी होती. आमची चाहतेमंडळी रजा टाकून, मफलर गुंडाळून कोर्टात गेली – आणि भलत्याच दालनात बसली! तिथे दोन शेजाऱ्यांचा सामाईक भिंतीवरून दावा चाललेला. एका वकिलाचा टाय आमच्या क्लबच्या रंगाचा. झालं! "हाच आपला!" म्हणून वकीलसाहेबांनी खूण केली आणि टायवाला बोलला की सगळे मान डोलवायचे. शेवटी टाळ्या वाजवल्या, तेव्हा शिपायाने बाहेर काढलं. भिंतवाले आजोबा मागोमाग आले आणि पाठिंब्याबद्दल प्रत्येकाचे हात हातात घेऊन आभार मानले. दादाचेही.

मी योग्य दालनात. एकटा. म्हणून ते वाक्य मी एकट्यानेच ऐकलं. लीगचे वकील म्हणाले, या बनावात चाहत्यांचीही फसवणूक झाली. त्यावर आमच्या क्लबचा वकील, नखं बघत : "सामना दाखवण्यापलीकडे माझे अशील चाहत्यांचं काही देणं लागत नाहीत."

नखं बघत! बाहेर येऊन भिंतीवर लाथ मारली. अंगठा सुजलाय.

शनिवार, २४ फेब्रुवारी

आज खुर्चीत मी. क्लबच्या वकिलाची नक्कलच केली. नखं बघितली, घसा खाकरला, वाक्य जसंच्या तसं म्हटलं. वर दादाकडे आरशात बघून विचारलं, "काय दादासाहेब, घरचंच ना हे?"

दुकान हसलं. वकीलसाहेबसुद्धा. दादा नाही.

पुढचा नंबर त्याचा होता. न्यायमूर्तींनी टॉवेल झटकला. "या दादा, द्या उत्तर." दादा उठला. "आज राहू दे," म्हणाला आणि निघून गेला. उत्तरपक्षच नाही! वाद जिंकलो. निर्विवाद!

शनिवार, २ मार्च

जिंकलो, तेही चुरशीने. गेटवर दादा नाही. पूर्वेच्या स्टँडमधली त्याची खुर्चीही रिकामी होती म्हणे. रुसलाय! खरं बोललं की रुसायचं, हा कुठला न्याय? बायको म्हणते, "जाऊन या ना." मी का जाऊ? दर वेळी धाकट्यानेच का?

मंगळवार, ५ मार्च

निकाल. क्लब हरला, गुण कापले. माझा शब्द न् शब्द खरा ठरला. वकीलसाहेबांचा फोन : "फितूर! तुमच्या घरचा नळ गळला तर मला बोलवायचं नाही!" मीही सुनावलं, की मागच्या वेळी तुम्ही येऊन गेल्यावरच तो गळायला लागला.

शनिवार, ९ मार्च

गेलो. मला वाटलं होतं स्टेडियम रिकामं असेल. कसलं! सगळे आलेले, लाल डोळे करून. लीगच्या नावाने बोंबा, मालकांच्या नावाने बोंबा, क्लबने अपिलासाठी नेमलेल्या नव्या वकिलाच्या नावाने चक्क गाणं! पत्रकार कक्षाकडे बघून माझाही उद्धार झाला. इतके चिडलेत, म्हणून तर येतात. शेजारच्याशी भांडायला येतात.

दादा नव्हता.

रविवार, १० मार्च

शेवटी मीच गेलो. वाटेत सगळी तयारी केली – तो काय म्हणेल, मी काय म्हणेन, पूर्वपक्ष, उत्तरपक्ष. मोठ्याने भांडायचं ठरवूनच बेल वाजवली.

दार उघडायला बराच वेळ लागला. दाढी वाढलेली. भर दुपारी पडदे ओढलेले.

"ये. चहा टाकू?"

"दादा, तू चिडलायस माझ्यावर. पण आधी माझं ऐकून घे –"

"चिडलो नाही रे. तुझंच बरोबर होतं."

आत जाऊन तो दोन कप चहा घेऊन आला.

"त्या दिवशी तू ती नक्कल केलीस ना, तेव्हाच पटलं. काही देणं लागत नाहीत ते आपलं. मग आपण तरी कशाला जायचं? माझा पास कुणाला हवा असेल तर देऊन टाक."

मग मी वाद घातला. क्लबच्या बाजूने! म्हटलं, अपील व्हायचंय. म्हटलं, लीग तरी कुठे सोवळी आहे, नियम बड्यांच्याच सोयीचे आहेत. म्हटलं, वकील काय, पैसे घेतो आणि बोलतो. वकीलसाहेबांचे सगळे मुद्दे, त्यांच्याहून चांगल्या भाषेत मांडले. स्वतःचा लेख परिच्छेदागणिक खोडून काढला. दादा, एक तरी शिवी दे, म्हणालो.

तो हसला. "चहा निवतोय," म्हणाला.

शनिवार, १६ मार्च

सामन्याला गेलो नाही. दादाकडे गेलो, चल म्हणालो, नाही म्हणाला. कुठेही चल म्हणालो. नको म्हणाला. त्याला घरातून बाहेर काढायला माझ्याकडे दुसरं काहीही नाही. त्याला आता राग क्लबचा नाही, कुणाचाच नाही. त्या घरात तो असाच बसून संपेल, याची मला भीती वाटते.