टॅकलचे चौथे आधारविधान

मंगळवार, १३ ऑगस्ट
शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा सराव कुंपणाबाहेरून पाहिला. चेंडू घेऊन पळणाऱ्याला धरून पाडणे, म्हणजे टॅकल, हा मूलतः तर्कशास्त्राचा विषय आहे, हे त्यांना कोणी सांगितलेले दिसत नाही. नजर वर. डोके बाजूला, खांदा त्याच्या मांडीवर. हातांचा विळखा. पाय चालते. चार आधारविधाने, एक निष्कर्ष: जमीन. कोच मारेक एकेकाळी माझ्या वादविवादाच्या वर्गात होता. त्याला अकरा पानी टिपण दिले. म्हणाला, वाचतो, सर.

गुरुवार, १५ ऑगस्ट
टिपण पाण्याच्या पिंपाखाली आढळले. पिंप डुगडुगत होते म्हणे. उपयोग सुरू झाला आहे.
मारेकने अट घातली. येत्या शनिवारी नव्हे, त्याच्या पुढच्या, पालकांच्या पॅनकेक न्याहारीनंतर सरावाचे फोमचे मोठे चाक माझ्याकडे सोडतील. ते आडवे केले, तर हंगामभर दर शुक्रवारच्या सामन्याला शिट्टी गळ्यात घालून मैदानाच्या कडेला संघासोबत उभे राहायचे. न जमल्यास स्टॉलवर नाचो विकायचे. चोपन्न वर्षांपूर्वी त्याच कडेमागे मी बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवीत होतो. खेळलो नाही, ही बाब गैरलागू.

सोमवार, १९ ऑगस्ट
रोज पहाटे सराव करण्याचा संकल्प. आज गुडघ्यामुळे वाचन.
दुपारी आमची शेळी परसातल्या कुंपणातून सुटून थेट माझ्यावर आली. कोन तपासण्यासाठी क्षणभर थांबलो. लिओनाने मागून येऊन तिला कवेत घेतले, खाली बसवले. वर म्हणाली, एव्हरेट, तू पोचायच्या आतच थांबतोस आणि समजावून सांगायला लागतोस. पत्नीच्या मताची नोंद घेतली. तिचा या विषयाचा अभ्यास नाही.

शनिवार, २४ ऑगस्ट
चाकाचा वेग अवाजवी होता. पहिली तीन आधारविधाने निर्दोष पार पडली. चौथ्यापाशी, जमलेल्या पालकांना त्याचे महत्त्व सांगावे असे वाटले. चाक मला वळसा घालून पाकाच्या भांड्यांकडे निघाले.
लिओनाने हातातले ताट खाली ठेवले. खांदा, विळखा, पाय. चाक आडवे, वर लिओना.
मारेक पोरांना म्हणाला, बघितलंत? मॅडम, पुन्हा एकदा दाखवाल? ती म्हणाली, सोड लवकर, पॅनकेक गार होतायत.
तिने माझे टिपण चोरून वाचले असावे. दुसरा निष्कर्ष संभवत नाही.

शुक्रवार, ३० ऑगस्ट, सायंकाळ
पहिला सामना. लिओना कडेला, शिट्टीसह. नाचोच्या खिडकीतून मैदान दिसत नाही, पण अभ्यासकाला आवाज पुरेसा असतो. आपले टॅकल सुधारले आहे.
मध्यंतरात ती दोन प्लेट न्यायला आली. चौथ्या आधारविधानातील एक सूक्ष्म त्रुटी मला आज सापडली होती. चीजचा डाव हातात धरून ती तिला सांगू लागलो. मागे रांग पार्किंगपर्यंत गेली होती.
ती म्हणाली, एव्हरेट, पायांचं राहू दे. निदान हात तरी चालू ठेव.