खजुराचे नवरदेव

सणसर,
रविवार, दुपार

थोरले मेहुणे अल्ताफभाई यांना बादशाह मणेराचा सलाम. दोन्ही हात बांगड्यांच्या तेलानं माखलेत, त्यामुळं गळाभेट लांबूनच घ्यावी.

इकडं अल्लाच्या मेहेरबानीनं सगळं ठीक आहे. नसरीनभाभींचा गुडघा कसा आहे? त्यांना म्हणावं, जिना चढणं बंद करा. (तुमच्या घराला जिना नाही हे मला माहीत आहे, पण सल्ला चांगला आहे, असू द्यावा.) धरणाचं पाणी यंदा लवकर उतरतंय असं ऐकतो. उतरू द्या, मासे जातात कुठं? मागच्या महिन्यात तुम्ही पाठवलेली चिलापी इतकी झकास होती की शेजारचं मांजर अजून आमच्या दारात बसून असतं. रमजान तोंडावर आलाय. तब्येतीला जपा आणि पहाटे थंड पाण्यात उतरू नका.

फोनच करणार होतो. पण तुमचा फोनवरचा आवाज म्हणजे होडीतून काठावरच्या माणसाला मारलेली हाक. मी माजघरात फोन कानाला लावला तरी अंगणातल्या करिमाला अक्षर न् अक्षर कळतं, आणि काही गोष्टी तुमच्या बहिणीच्या कानावर न गेलेल्याच बऱ्या (तिच्याच भल्यासाठी). म्हणून हा पत्राचा खटाटोप. तुमचा शाहिद रोज सकाळी मासळी घेऊन बारामतीला येतोच. उद्या कॉलेजला जाताना आमची रुक्सार हे पत्र त्याच्या हातात देईल. पोरगी माझ्या शब्दाबाहेर नाही.

तर विषय आपल्या खजुराच्या बागेचा. आपल्या म्हणतो, कारण रान तुमच्या अब्बांनी करिमाच्या नावावर करून दिलेलं, झाडं मी लावलेली आणि हसायचं काम तुम्ही सगळ्यांनी वाटून घेतलेलं. बाग उत्तम आहे. मुद्दाम लिहितो, कारण उलटसुलट बातम्या तुमच्यापर्यंत पोचल्या असतील. करिमानं मात्र यंदा अट घातली आहे. झाडांना आता चौथं वर्ष लागलं. परवा भाकरी थापता थापता ती म्हणाली, "यंदा झाडाला घोस दिसला न्हाय तर सगळी काढून ऊस लावनार. मग तुमी दुकानात बसा, दिवसभर." नुसतं बोलून थांबली नाही. कारखान्याचा चिटबॉय (उसाची नोंद घेत हिंडतो तो) रस्त्यानं चालला होता, त्याला थांबवून लागणीचं विचारूनही घेतलं. अल्ताफभाई, मी भिणारा माणूस नाही, पण त्या दिवशी भाकरी गिळवेना. दुकान मला प्यारं आहे, पण दुकानात मी कमावतो आणि बागेत मी जगतो. ती झाडं गेली तर संध्याकाळी कुठं जायचं, हे मला खरोखर सुचत नाही.

तुम्ही विचाराल, बांगड्या विकणाऱ्याला खजूर कुठून सुचला. त्याला रुक्सारचं इंग्रजी कारण. ती एकदा मोठमोठ्यानं पाठ करत बसली होती, तेव्हा कानावर आलं की बंगल्यांपुढं नि पेट्रोल पंपांपुढं जे झाड रुबाबात उभं असतं, ते पाम, आणि इंग्रज लोक आपल्या तळहातालाही पामच म्हणतात. मी विचारलं, दोघांना एकच नाव? ती म्हणाली, "दोघांना कुठं अब्बा, लई जन हायत." जादूगारानं मुठीत नाणं लपवलं की पाम. रद्दी माल दुसऱ्याच्या गळ्यात मारला तरी पाम. जहाजाच्या नांगराचा फाळ, कुठल्याशा थंड मुलखातल्या हरणाचं पसरट शिंग, सगळे पाम. जुन्या काळी जिंकणाऱ्याच्या हातात या झाडाची फांदी देत, म्हणून विजय झाला तरी पाम. लाच देण्याला तर ते तळहाताला वंगण लावणं म्हणतात. (आपल्याकडं हात नुसते ओले केले तरी भागतं, वंगणाचा खर्च नाही.) अर्ध्या जगावर राज्य केलं या लोकांनी, आणि शब्दांची ही टंचाई! आमच्या घरात एक कोट आम्ही सगळे भाऊ आळीपाळीनं घालायचो, तशातली गत. माझ्या डोक्यात मात्र तेव्हा लख्ख उजेड पडला. जन्मभर मी काय केलं? बायकांचे तळहात दाबून बांगड्या चढवल्या. हात हातात आला की सव्वादोन की अडीच, माप न लावता सांगतो. म्हणजे पामचा धंदा माझा चालूच होता, फक्त झाडांचा राहिला होता. आठवड्याच्या आत रानातली पपई काढली आणि खजूर मागवला.

रानाच्या तोंडाशी 'बादशाह पाम' अशी पाटीही रंगवून घेतली. पहिल्याच दिवशी पिंपळीचे सावळारामतात्या हजर. त्यांच्या इंग्रजी शाळेतल्या नातवानं पाटी वाचून सांगितलं होतं की इथं हात बघतात. तात्यांनी हात पुढं केला, "बघा वो, पोराचं लगीन कवा हाय?" आलेल्या माणसाला रिकाम्या हातानं कशाला पाठवायचं? मी हात दाबून बघितला आणि ठोकून दिलं, या सुट्टीत. झालंही त्याच सुट्टीत! (तारीख आधीच धरली होती असं नंतर कळलं, पण म्हणून माझं सांगणं खोटं ठरत नाही.)

आता मूळ हकिगत. खजुरात नर झाड वेगळं आणि मादी वेगळी. रोपवाटिकेच्या दीपकनं मादीची रोपं दिली आणि बांधाकडेला चार नर लावायला लावले, खुणेला बुंध्यावर लाल पट्टा मारून. आता मी पडलो जुना पपईवाला. पपईच्या बागेत नराची लांब दांड्यांची फुलं दिसली रे दिसली की कोयता घालायचा, हे आपल्या भागात शेंबडं पोरही जाणतं. नर फळ देत नाही, खत-पाणी मात्र बरोबरीनं खातो. मी हे करिमाला समजावून सांगितलं तर ती म्हणाली, "आसला एक घरात हायच की." (माझा रोख झाडांकडं होता.) कापायला मात्र जीव होईना. इतकी देखणी झाडं! नेमका तेव्हाच बारामती रस्त्यावर सुयोगनं नवं मंगल कार्यालय बांधलं आणि त्याला फाटकापाशी पाम हवे होते. दिवाळीच्या सुमारास जेसीबी आला, चारी नर मुळांच्या गड्ड्यासकट उचलले आणि कार्यालयाच्या फाटकाशी उंच ओट्यांवर दोन्ही बाजूंना दोन-दोन उभे केले. जाणारा-येणारा मान वळवून बघायचा. मी तर मुद्दाम त्या रस्त्यानं दोनदा जायचो.

गेल्या आठवड्यात आपल्या माद्यांना फुलोरा आला. दीपक बघायला आला, खूश झाला, मग इकडं-तिकडं बघत म्हणाला, "मामा, नर कुठं हायत?" मी म्हटलं, लग्नाला गेलेत. तो हसला. मी हसलो नाही, तेव्हा त्याचं हसू गेलं. मग त्यानं सांगितलं की खजुराचं काम वाऱ्या-माश्यांच्या भरवशावर होत नाही. नराच्या फुलातलं पांढरं पीठ काढून माणसानं आपल्या हातानं मादीच्या फुलोऱ्यावर लावायचं असतं, तेही फुलोरा उकलल्यावर तीन-चार दिवसांत, नाहीतर घोस धरत नाही. त्याच्याकडचं पीठ गुजरातहून येणार, तोवर फुलं सुकलेली. मी म्हटलं, काळजी करू नकोस, नर आपलेच आहेत, फक्त सासरी राहतात. करिमाला यातलं काही कळू दिलं नाही.

काल कार्यालयात लग्न होतं आणि वऱ्हाडातल्या बायकांना बांगड्या भरायचं बोलावणं मलाच होतं, हा अल्लाचा केवढा इशारा! पेटी घेऊन वेळेआधी पोचलो. फाटकाशी बघतो तर माझ्या झाडांना बुंध्यापासून शेंड्यापर्यंत दिव्यांच्या माळा गुंडाळलेल्या आणि फुलोरे गायब. सुयोग म्हणाला, "कापून टाकले मामा. पीठ सांडायचं पावन्यांच्या कोटावर." अल्ताफभाई, मुलाच्या लग्नाला जावं आणि मुलानं मुंडावळ्या बांधायच्या जागी मुंडण केलेलं दिसावं, तसं झालं मला. पण निरखून पाहिलं तर एका झाडाच्या पोटात एक फुलोरा काट्यांमागं लपलेला. दिवेवाल्यांची शिडी लावली आणि चढलो. खाली मंगलाष्टकं सुरू झाली. वर मी एका हातानं काटे बाजूला करतोय, दुसऱ्या हातानं बांगड्यांचा रिकामा डबा धरून फुलोरा झटकतोय, तेवढ्यात 'सावधान' झालं आणि कुणा हौशी पोरांनी अक्षता थेट माझ्या दिशेनं मारल्या. फोटोवाल्यानंही मला दोन-तीन फोटोंत घेतलं. पण डबा भरला! खाली उतरलो तेव्हा माझे दोन्ही तळहात पिठानं पांढरेफटक होते. खरं सांगतो, बांगडीच्या पहिल्या विक्रीलाही मला एवढा आनंद झाला नव्हता.

तिथून सरळ घरी यायला हवं होतं. पण वरमाईच्या जावेनं दंडाला धरलं, "बादशाहमामा, कुठं निगाला? बाया खोळंबल्यात." खोलीत बायकांचा हा घोळका, आणि कोपऱ्यात घरघरणारा मोठा उभा पंखा. बसतो न बसतो तोच एकीनं म्हटलं, हात धुऊन या आधी, पांढरं काय लागलंय? धुतले. तळहातावरचं पीठ मोरीत गेलं, पण डबा होता ना, मी निश्चिंत. परत येऊन बघतो तर जाऊबाई नव्या नमुन्याची बांगडी शोधत एकेक डबा उघडतायत. मी 'नको' म्हणेपर्यंत झाकण निघालं होतं. पंख्यानं सगळा डबा एका फुंकरीत खोलीभर केला. नवरी सात-आठ वेळा शिंकली, बायका म्हणाल्या शुभ आहे, आणि मी त्या पांढऱ्या धुक्यात बसून हिरवा चुडा भरत राहिलो. एकही बांगडी फुटली नाही, हे आवर्जून नमूद करतो.

असो. एकूण बाग उत्तम आहे. फुलोरे टपोरे आहेत, झाडांची तब्येत माझ्यापेक्षा चांगली आहे आणि यंदा घोस लागणार यात मला तिळमात्र शंका नाही. तुम्हीही ठेवू नये. भाभींना सलाम, पोरांना दुवा.

तुमचा मेहुणा,
बादशाह

ता. क. तुमच्याकडं पाण्याच्या काठाला शिंदीची झाडं आहेत. शिंदी म्हणजे खजुराची गावाकडची बहीण, असं दीपक बोलता बोलता म्हणाला होता. त्यातल्या एखाद्या नराचा फुलोरा आला असेल तर सहज, जाता-येता, कापून कागदात गुंडाळून ठेवावा. घाई नाही.

ता. क. २. घाई आहे. मंगळवारपर्यंत शाहिदबरोबर पाठवा. फुलोरे सुकायला लागलेत. सकाळी मी एकेका झाडापाशी जाऊन आलो, आणि माझ्या हातात लावायला काही नव्हतं. भाई, एवढं कराच.

ता. क. ३. करिमाला कळू देऊ नका.

*

भाईजान, करिमाचा सलाम. रुक्सारनं पत्र आधी मला आणून दिलं. पोरगी माझ्याही शब्दाबाहेर नाही.

तुम्ही शुक्रवारी शाहिदच्या हाती पाठवलेलं शिंदीचं पीठ पोचलं. दीपकनं बागेतून निघताच मला फोन केला होता, म्हणून तर मी तुमच्याकडं ते मागितलं. काल हे शिडीवर चढले होते तेव्हा आम्ही मायलेकींनी कापसाच्या बोळ्यानं एकूण एक झाडाला ते लावलं. एकही फुलोरा सोडला नाही. यांना हे सांगू नका.

आणि उसाचं मनावर घेऊ नका. दुकान बंद करून आले की हे बागेत जातात, प्रत्येक झाडाला हात लावत फिरतात, काहीबाही बोलतात आणि परत येतात तेव्हा दिवसभरात पहिल्यांदा नीट जेवतात. ते बघून मी कुठला ऊस लावते? पण धाक नसला तर हे झाडं काढून उद्या भलतंच लावतील.

यांनी मागितलीय ती पुडी मंगळवारी आठवणीनं पाठवा. शिंदीचं पीठ उरलं नसेल तर मैदा घाला, यांना फरक कळायचा नाही. मात्र पुडी यांच्याच हातात द्यायला शाहिदला सांगा. झाडं यांनी वाढवलीत, फळ यांच्याच हातानं धरलं पाहिजे.