चादरींच्या खोलीतले चौतीस तास

४ मार्च, सोमवार

गोल करून बसायचं म्हणे! बुधवारी, वाचनालयात. तरुण प्राध्यापक स्वतः खाली आला चादरींच्या खोलीत. दारात उभा राहून हात जोडून म्हणतो, "मावशी, तुमच्याशिवाय संवाद पुरा होणार नाही." मी म्हटलं, माझ्याशिवाय धुलाई पुरी होणार नाही ते बघा. ऐकतोय कुठे. मागच्या वर्षीही सगळ्यांना असाच गोल बसवला होता. मी त्याला गोलमास्तर म्हणते. तोंडावर नाही.

तीन बुधवार, तीन विषय. विविधता, सेवा आणि स्वतःची वाढ. मी विचारलं, वाढ कसली? वजनाची? हसला बिचारा.

जायचं म्हणते. शुक्रवारची समिती डोक्यातून जात नाही, निदान तेवढा वेळ दुसरं काही ऐकेन.

समितीत काय झालं ते लिहून टाकते म्हणजे सुटेल. वसतिगृहातल्या प्रत्येक पोरीने सहामाहीत तीस तास सेवा करायची. कुणी बागेत, कुणी स्वयंपाकघरात, कुणी माझ्याकडे चादरींच्या घड्या घालायला. तास नाही भरले तर पुढच्या सहामाहीला खोली नाही. एका पोरीचं कार्ड कोरं निघालं. ती म्हणे, मी मावशींकडे जात होते, मंगळवारी नि शुक्रवारी. मला बोलावलं. रेक्टर मॅडमनी विचारलं, "ही येत होती का?"

मी म्हटलं, नाही. कार्ड कोरं आहे ना.

एकतीस वर्षांत माझं कार्ड चुकलं नाही, हेही म्हणाले वर.

पोरीला महिनाअखेर खोली सोडायची आहे. गाव दोन दिवसांच्या वाटेवर. बाहेर खोली घेऊन राहणं घरच्यांना झेपणारं नाही. म्हणजे शिक्षण संपलं.

नियम म्हणजे नियम. मी केला का तो नियम?

६ मार्च, बुधवार

बसले बाई गोलात. खुर्च्या इतक्या जवळ की शेजारच्याचा गुडघा लागतो.

विषय विविधता. एकेक पोर उठून सांगतंय आपण कुठले, घरी काय बोलतो, इथे काय जड गेलं. काही खरं बोलले. काही पाठ करून आले होते. एक उंच मुलगा दहा मिनिटं बोलला. शेवटी काय म्हणाला ते त्यालाच माहीत नसेल!

मग गोलमास्तर माझ्याकडे वळला. "मावशी, इतक्या ठिकाणच्या मुली तुमच्या हाताखालून गेल्या. तुम्हाला फरक कसा जाणवतो?"

मी पटकन म्हणाले, "चादरीत शिरल्या की सगळ्या सारख्या."

हशा. टाळ्या! गोलमास्तरने ते वाक्य फळ्यावर लिहिलं मोठ्या अक्षरात. खाली लिहिलं, मावशी.

समोर दाराजवळ ती पोरगी बसली होती, समितीतली. तिनेही टाळ्या वाजवल्या. हळू. चार वेळा.

घरी आले नि न जेवताच आडवी झाले. जिना चढल्यामुळे असेल.

७ मार्च, गुरुवार

चारशे बारा चादरी. हात चालतात, डोकं चालत नाही.

९ मार्च, शनिवार

आज धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

दुपारी एक पोरगी आली. डोंगरवाली. डोंगराकडच्या दोघी आहेत यंदा. दोघी बुटक्या, दोघींचे केस सरळ, दोघी हळू बोलतात. मी दोघींनाही डोंगरवालीच म्हणते. ही म्हणाली, "मावशी, ऑफिसातल्या यादीत माझ्या कार्डावर चौतीस तास आहेत."

"मग? शाबास."

"मी दोनदाच आले होते तुमच्याकडे. नंतर मला गाण्याच्या वर्गात मदतीला घातलं. माझे तास तिथे भरले. मग हे चौतीस कुणाचे?"

मी हातातली चादर खाली ठेवली.

माझी पद्धत लिहिते. धुण्याच्या खोलीत कार्डं ओली होतात, म्हणून मी ती पोरींकडे ठेवतच नाही. सगळी माझ्याकडे पत्र्याच्या डब्यात. रोज कोण आलं, कोण गेलं ते ध्यानात ठेवते आणि शनिवारी बसून एकदम भरते. नावं लांबलचक, मी सातवीपर्यंत शिकलेली, अक्षर लावत बसायला वेळ कुणाला? फोटो बघायचा नि आकडा टाकायचा. फोटो नखाएवढा.

तर घड्या घालणारीचे, म्हणजे समितीतल्या त्या पोरीचे, तास मी गाणारीच्या कार्डावर टाकत गेले. चार महिने. दर शनिवारी.

घड्या घालणारी पोरगी सोन्यासारखी होती. कोपऱ्याला कोपरा. बोलत नसे, मागे वळून बघितलं की थप्पी तयार! मी तिला कधी नाव विचारलं नाही. ए डोंगरवाली, पलीकडचा ढीग घे. एवढंच.

गाणारी म्हणाली, "ती बॅग भरतेय, मावशी. रडत नाही. मी सांगू का ऑफिसात?"

"तू नको. मी सांगते. तू तोंड बंद ठेव."

कशाला म्हणाले तोंड बंद ठेव?

तोंडं सारखी असली तर माणूस काय करणार! समितीतही मला कळलं नाही. कसं कळणार? खोलीत उजेड कमी, माझा चष्मा जुना.

१० मार्च, रविवार

यांना सांगितलं. हे वर्तमानपत्र बाजूला न ठेवता म्हणाले, "चार महिने राहिलेत तुझे निवृत्तीला. कशाला हात दाखवून अवलक्षण?"

"पोरीचं वर्ष जाईल."

"दुसरीकडे घेईल कुणीतरी. तू काय मुद्दाम केलंस?"

मी भांडी घासायला घेतली. घासलेलीच होती.

११ मार्च, सोमवार

रेक्टर मॅडम रजेवर. बरं वाटलं. बरं वाटलं याची लाज वाटली.

१२ मार्च, मंगळवार

मॅडम आल्या. मी दारापर्यंत गेले. आत कुणीतरी बसलं होतं. परत आले. ते कुणीतरी पाच मिनिटांत गेलं असेल. मी थांबले नाही.

१३ मार्च, बुधवार

आजचा विषय सेवा. देवा रे!

उंच मुलगा म्हणाला, बागेत दहा तास काम करून माझ्यात नम्रता आली. माळी माझ्या शेजारीच होता. कानात म्हणाला, "दहा तासांत तीन रोपं उपटली याने. गवत समजून." मला हसू आलं नाही. माळी म्हणाला, "मावशी, बरं नाही का?"

एक मुलगी बोलली ते लागलं. म्हणाली, "सेवा करताना ज्याची करतो त्याच्याकडे आपण बघतो. पण जो आपल्यासाठी करतो त्याच्याकडे बघतो का?" ती आमच्याबद्दल बोलत होती. माळी, मी, स्वयंपाकी. सगळ्यांनी आमच्याकडे प्रेमाने बघितलं. मला वाटलं खुर्चीखाली जावं.

माझी पाळी आली. ठरवून आले होते, आज सांगायचं. सगळ्यांसमोर. उभी राहिले आणि काय बोलले? शाईचा डाग आधी गार पाण्यात भिजवावा, गरम पाणी घातलं की तो पक्का बसतो! गोलमास्तर मान डोलावून म्हणाला, "किती खोल आहे हे." पोरांनी वहीत उतरवून घेतलं. खोल कसलं डोंबलाचं.

घडीवालीची खुर्ची रिकामी होती.

१५ मार्च, शुक्रवार

ती आली. चादर, उशीचा अभ्रा, पांघरूण परत द्यायला. जाताना हे सगळं जमा करून माझी सही न्यावी लागते. महिनाअखेरीला अजून पंधरा दिवस, पण तिच्या गावाकडची कुणी बाई परवा निघतेय, सोबत मिळते म्हणून लवकर जायचं ठरलंय.

तिने पुढे केलेली थप्पी अशी की दुकानातनं आणल्यासारखी.

मी विचारलं, "घरी जाऊन काय करणार?"

"धाकट्या भावंडांना शिकवीन."

"आणि तुझं?"

"बघू, मावशी." मग इकडेतिकडे बघून म्हणाली, "आज शुक्रवार. ढीग मोठा आहे. थोड्या घालू का घड्या? वेळ आहे मला."

शुक्रवारची सवय तिची!

मी ओरडले, "नको! जा तू." का ओरडले? ती दचकली. मी सही केली. माझ्याच हाताने, तिला घालवायच्या कागदावर. ती कागद घेऊन गेली नि मी ढिगावर बसून राहिले. इस्त्रीवाला आला तर सांगितलं, डोळ्यात साबण गेला.

१६ मार्च, शनिवार

केलं एकदाचं.

सकाळी सकाळी रेक्टर मॅडमच्या टेबलावर पत्र्याचा डबाच नेऊन आपटला. दोन्ही कार्डं काढून समोर ठेवली. म्हटलं, चौतीस तास हिचे नाहीत, तिचे आहेत. चूक माझी. तिची खोली काढू नका, ती उद्या निघालीय.

मॅडमनी चष्मा लावला, काढला. "मावशी, इतकं मनाला लावून घेऊ नका. त्या दोघी तशा दिसतातच सारख्या. मीही घोटाळा करते. दोन ओळी लिहून द्या, नजरचूक झाली म्हणून."

"एवढंच?"

"आणखी काय लिहिणार?"

मी लिहिलं. नजरचूक. अक्षर वेडंवाकडं आलं. त्यांनी लगेच शिक्का मारला, शिपायाला वर पाठवलं. खोली तिचीच राहिली. पुढच्या सहामाहीलाही.

अर्ध्या तासात दोघी पळत आल्या खाली. गाणारीने मला मिठीच मारली. घडीवाली मागे उभी. तिने पांघरूण परत मागितलं फक्त. मी नवं कोरं काढून दिलं, कपाटातलं.

दोघींना नावं विचारली. म्हणून घेतली तीन तीनदा. आता चुकणार नाही.

यांना सांगितलं. म्हणाले, "झालं ना मनासारखं? आता झोप."

१७ मार्च, रविवार

झोप नाही.

२० मार्च, बुधवार

तिसरा गोल. स्वतःची वाढ.

मला काय माहीत की मॅडमनी गोलमास्तरला सगळं सांगितलंय! त्याने सुरुवातच माझ्यापासून केली. म्हणाला, आपण इथे शब्द बोलतो, पण आपल्यातल्या एका ज्येष्ठ बाईने एकतीस वर्षांचा अभिमान बाजूला ठेवून चूक कबूल केली. चूक प्रामाणिक होती, कबुली त्याहून प्रामाणिक. याला म्हणतात वाढ. सगळे उभे राहिले. साठीला माझी वाढ झाली म्हणे!

उंच मुलाचे डोळे भरून आले. तो मनाचा बरा आहे, मी उगाच बोलते त्याला.

मी म्हटलं, बसा, बसा, खुर्च्या सरकतात. कुणी बसेना. माळी सुद्धा टाळ्या वाजवतोय, मेला.

मग गोलमास्तरने घडीवालीला विचारलं, तुला काय वाटतं? ती उभी राहिली. म्हणाली, "मावशी आल्या ऑफिसात. नसत्या आल्या तरी चाललं असतं त्यांना. आल्या." खाली बसली.

पुन्हा टाळ्या. त्या टाळ्यांनी माझं डोकं फुटायची वेळ आली. कुणीतरी फळ्यावर लिहिलं, प्रामाणिकपणा. त्याखाली पुन्हा माझंच नाव.

२१ मार्च, गुरुवार

हे म्हणतात, "आता काय उरलंय? पोरगी राहिली, तुझं कौतुक झालं. दुखतंय कुठे?"

मी म्हटलं, तुम्ही जेवा.

लोक शिव्या देतील याची भीती होती. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. शिव्या अंगाला लागत नाहीत. हे कौतुक लागतंय.

२२ मार्च, शुक्रवार

ती आली. आता तिचे तास भरलेत, यायची गरज नाही. तरी आली. बाह्या सरसावून ढिगाशी बसली. चादरीची दोन टोकं तिच्या हातात, दोन माझ्या. घडी घालायला दोघी पुढे आलो, अगदी समोरासमोर, तेव्हा म्हणाली, "मावशी, समितीत मी आत आले तेव्हा तुम्ही मला ओळखलं. मग खाली बघितलं."

रागाने नाही म्हणाली. वेळ किती वाजली सांगावी तशी.

या वहीतसुद्धा मी ते लिहिलं नव्हतं. चष्मा लिहिला, उजेड लिहिला.

मी म्हटलं, "हो. ओळखलं होतं."