नऊ बोळे

आबा, रहाटणीच्या भिंतीला पोट सुटलं. तुम्हाला हे कुणीतरी कळवायला हवं होतं, आणि माझ्याशिवाय ते कळवणारं कुणी उरलेलं नाही. तुम्ही जाऊन नऊ वर्षं झाली. आईला सांगायला मागच्या रविवारी निघोज्याला गेले, तर ती शेंगा फोडता फोडता म्हणाली, "गेलेल्या मानसाचं कशाला उकरतीस? जेव, आन् जा." मी जेवले आणि आले. आता ताथवड्यातल्या माझ्या खोलीत बसले आहे. दुपार आहे, समोरच्या इमारतीत कुणीतरी भिंतीला भोक पाडतंय आणि त्या आवाजाने मला लिहायला बसवलं आहे. इथे माझ्याशी बोलणारं कुणी नाही. मला एक हिशेब द्यायचा आहे, पैशाचा नव्हे, आणि तो मागणारा माणूस तुम्हीच होता.

ती भिंत तुम्हाला आठवत असेल. पवनेच्या काठाला, सोसायटीच्या बागेमागे, काळ्या दगडाची, दीड पुरुष उंच, नाल्याच्या तोंडापर्यंत गेलेली. मी सहावीतून सातवीत जाणार होते आणि सुट्टी होती म्हणून तुम्ही मला कामावर न्यायचात. आता मी ज्या ऑफिसात आहे तिथे जुनी बांधकामं तपासायची कामं येतात. साहेबांनी पत्ता दिला तेव्हा मला काही कळलं नाही. रिक्षातून उतरून बागेमागे गेले आणि पाय थांबले. तुमचे दगड मला ओळखू येतात. मोठ्या दगडाशेजारी तुम्ही नेहमी दोन लहान बसवायचात, "थोरल्याला सोबत लागती" म्हणून. सोसायटीचे चेअरमन माझ्यासोबत होते, एका कंपनीतून निवृत्त झालेले, स्वभावाने वाईट नव्हेत. म्हणाले, "बघा मॅडम, नाल्याकडचा तुकडा कसा फुगलाय. ज्या गवंड्यानं बांधली ना, त्यानं सिमेंटच खाल्लं असणार." मी हो म्हटलं नाही. पण नाहीही म्हटलं नाही, आबा. पिशवीतून ओळंबा काढला. इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला तेव्हा तुम्ही फडक्यात बांधून दिला होता तोच, पितळी, तुमच्या अंगठ्याने एका बाजूला गुळगुळीत झालेला. दोरी सोडली. भिंत चार बोटं पुढे आली होती. बाकीची सगळी भिंत दोरीला चिकटून सरळ उभी, आणि तेवढाच तुकडा पुढे.

भिंत कशाने पडते हे मी कॉलेजात शिकले नाही. ते मी आपल्या स्वयंपाकघरात शिकले. आई भाकरी थापते आहे, तुम्ही चुलीपुढे बसला आहात आणि तिच्या परातीतला पिठाचा गोळा उचलून तुम्ही ताटात एक बांध घालता. एका बाजूला तांब्यातलं पाणी ओतता. म्हणता, "ही नदी. आता बघ, नदी भिंत पाडती का." बांध हलत नाही. मग तुम्ही दुसऱ्या बाजूला पीठ भुरभुरता, त्यावर पाणी शिंपता, आणि नदीचं पाणी हळूच ओतून टाकता. मागचं भिजलेलं पीठ रेटतं आणि बांध पुढे लोटांगण घालतो. "पूर चढताना भिंत पडत न्हाई. उतरताना पडती. नदी निघून जाती, मागचं पानी आडकून बसतं. त्याला वाट पायजे." मग नवा बांध, त्याला काडेपेटीतल्या काडीने भोकं, आणि या वेळी बांध टिकतो. आई म्हणते, "बापलेकीनं पिठाचा नास केला. आता तीच नदी खावा." आपण दोघं हसलो होतो. मला वाटतं, मी तुमच्याबरोबर न घाबरता हसले ते बहुधा तेवढंच.

कारण मी घाबरट होते, आणि आता मूळ गोष्ट सांगते. भिंतीच्या दगडांमधून तुम्ही पाइपांचे तुकडे बसवत होता, नदीकडे थोडा उतार देऊन. बांधताना माल आत जाऊ नये म्हणून पाइपाच्या मागच्या तोंडात चिंधीचा बोळा कोंबायचा, आणि भराव टाकायच्या आधी तो ओढून काढायचा. माझा हात बारीक, म्हणून दोन्ही कामं माझ्याकडे. आईचं हिरवं पातळ फाडून मी ते बोळे केले होते. शेवटच्या दिवशी मी काढत काढत नाल्याकडे गेले. नऊ उरले होते. खाली भिंतीमागे चर होता, त्यात गुडघ्याइतकं पाणी साठलेलं, आणि त्या पाण्यात काहीतरी लांब, काळं वळलं. पाणसाप असेल, नुसती मुळीही असेल. मी वर आले ती आलेच. वर मुरुमाचा डंपर उभा, त्याचा ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून बसलेला. तुम्ही भिंतीच्या दुसऱ्या टोकाला होता, दिसत नव्हता, फक्त आवाज आला. "निघालं का गं समदं?" मी म्हटलं, "व्हय, निघालं." कामावरच्या बायकांनी खडी ओतली, वर मुरूम पडला. मी चप्पल धुतली. त्या रात्री मला वाटलं, उद्या सांगू. उद्या वाटलं, परवा.

पंधरा दिवसांपूर्वी तो तुकडा उकलायला घेतला. काम करायला मी मुद्दाम तुमच्या जोडीला गवंडी असलेल्या मामांना बोलावलं. त्यांचे गुडघे गेलेत, पण छन्नी अजून तशीच चालते. वरचा मुरूम काढून आम्ही पाइपांपर्यंत पोचलो आणि पहिला बोळा माझ्या हातात आला. सिमेंटचं पाणी पिऊन दगड झालेला. एका कडेला हिरवा रंग अजून होता. आणि आबा, त्यावर बोटं होती. चार लहान बोटांच्या खाचा, कोंबताना दाबल्याच्या. मी माझी बोटं त्यात ठेवून पाहिली, बसली नाहीत.

मला वाटलं, कळलं, संपलं. पण मामा भिंतीच्या नदीकडच्या बाजूला उतरले आणि हाक मारली, "हिकडं ये की, पोरी." प्रत्येक बंद पाइपाशेजारी, वीतभर अंतरावर, सिमेंटने बुजवलेलं एक वाकडंतिकडं भोक होतं. नऊ पाइप, नऊ भोकं. चेअरमन वरून वाकून बघत म्हणाले, "ती होय? ती तर भगदाडं होती, मॅडम. बाकीची पाइपाची भोकं डिझाइनमधली, ही कुणीतरी नंतर पाडलेली. पूर आला की त्यातून पाणी आत यायचं. दोन वर्षांपूर्वी आम्ही चांगली पॅक करून घेतली." ते वर निघून गेले. मी मामांना विचारलं, "कुणी पाडली होती?"

मामांनी तंबाखू मळली, झाडली, आणि मग म्हणाले, "कोन पाडनार? तुजा बाप आन् मी. त्या पावसाळ्यात समद्या भिंतीतनं पानी गळत व्हतं, ह्यो तुकडाच कोरडा. त्यो नुसता बघत उभा ऱ्हायला. दिवाळीच्या सुट्टीत मशीन आनलं भाड्यानं, तीन दिस आमी खाली व्हतो. म्या म्हनलं, पोरीला इचार की. तर म्हन्ला, इचारू नगंस. तिला कळलं तर ती जेवायची न्हाई."

मला ती दिवाळी आठवते. तुम्ही माझ्याबरोबर अंगणात किल्ला करणार होता. कबूल केलं होतं. आणि तीन दिवस तुम्ही सकाळी निघून जात होता, "कंपनीच्या बांधकामावर ओव्हरटाइम हाय" म्हणून. मी एकटीने माती कालवली, बुरूज केले, पाण्याचं टाकं केलं, आणि तुमच्यावर रुसून बसले. तिसऱ्या दिवशी तुम्ही आलात, डोळे लाल, भुवयांवर पांढरी भुकटी, हाताला कंप सुटलेला. चिवड्याची वाटी धरताना ती ताटलीवर वाजत होती. किल्ल्याजवळ उकिडवे बसलात. चांगला झालाय म्हणाल, असं मला वाटलं. तुम्ही टाक्याच्या भिंतीला बोट लावून विचारलंत, "पान्याला वाटा ठेवल्यास?" मी म्हटलं, "व्हय." "मोजल्यास?" मी रडायला लागले. आई तुम्हाला बोलली, सणाचं पोरीला कशाला रडवता म्हणून.

त्याआधी तुम्ही मला कधी मोजायला सांगितलं नव्हतं. त्यानंतर कायम सांगितलंत. शाळेला निघाले की, "वह्या मोजल्यास का?" परीक्षेहून आले की, "प्रश्न मोजून सोडवलेस ना?" दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात मी गोळ्या द्यायला आले तेव्हाही, आवाज नव्हता उरला, नुसते ओठ हलले. मी ते टोचून बोलणं समजत होते. वाटायचं, बापाचा माझ्यावर विश्वास नाही. त्याच रागाने मी अशी झाले: कुलूप लावून तीनदा परत येणारी, प्रत्येक आकडा दोनदा तपासणारी, ऑफिसात जिला सगळे "मोजणी खातं" म्हणून हाक मारतात ती. तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवूनच विचारत होता, हे मला भिंत उकलल्यावर कळलं. एकदा खोटं बोलले, पुन्हा बोलायची वेळ येऊ नये, एवढंच तुम्ही बघत होता.

अहवाल दिला. त्यात लिहिलं, मूळचे नऊ पाइप बांधकामापासून बंद राहिले, नंतर केलेली नऊ भोकं बुजवल्यावर मागे पाणी साठलं, बांधकामाचा माल उत्तम आहे. पाइप कुणामुळे बंद राहिले याला तिथे रकाना नसतो. म्हणून मी तोंडाने सांगायचं ठरवलं. चेअरमनना म्हटलं, "ही भिंत माझ्या वडिलांनी बांधली होती." ते खुर्चीतून अर्धे उठले. "अहो, मग आधी नाही का सांगायचं? मी आपला काय काय बोललो." मी म्हटलं, "सिमेंट त्यांनी खाल्लं नाही. तुम्ही भोकं बुजवली, पण तीही मुळात लागली नसती. पाइप मी बंद ठेवले होते." ते मोठ्याने हसले. "मॅडम, तुम्ही तेव्हा शाळेत असाल!" "हो," म्हटलं, "सहावी झाली होती." त्यांना हा विनोद फार आवडला. मग त्यांचा फोन वाजला. इतकी वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट मी सांगितली आणि ती कुणी घेतलीच नाही. तिथून चालत काळेवाडीपर्यंत आले, तेव्हा लक्षात आलं की ती घेणारा एकच माणूस होता, आणि त्याला ती न सांगताच कळली होती.

तो तुकडा परत उभा राहिलाय. दगड तुमचेच, मोठ्याशेजारी दोन लहान. नवे बोळे मीच कोंबले, मीच काढले. चरात उतरायच्या आधी काठीने तळ ढवळून पाहिला, अजूनही. वरून मामांनी विचारलं, "निघालं का समदं?" मी एकेका पाइपात टॉर्च मारून पलीकडची नदी पाहिली, नऊ वेळा. मग व्हय म्हणाले. पावसाळ्याआधी दर वर्षी ही भोकं साफ करायची, हे सोसायटीच्या फलकावर लिहून घेतलंय. चेअरमननी खाली सहीही केली.

एक राहिलं. अहवालासोबत जुने बोळे नमुने म्हणून सोसायटीच्या ताब्यात द्यायचे होते. कागदावर नऊ लिहिलेत, त्यांनी न मोजता सही केली. तुम्ही विचाराल म्हणून सांगते. मी मोजले होते, आबा. आठच दिलेत.