कुंपणापलीकडची फुलं

प्रिय आई,

तुझा क्लीटस धडधाकट आहे, उगाच काळजी करू नकोस. इथं व्हिएतनामात आपल्या अलाबामापेक्षा उकाडा जास्त, एवढंच. तू पाठवलेला पीचचा मुरंबा आधी मुंग्यांनी चाखला, मग आम्ही. मतदार यादीत नाव घालायला गेलीस का? एकटी जाऊ नकोस गं, आपल्या काळ्या माणसांना तिथं मारहाण होते.

ल्यूशसला गावच्या दफनभूमीत जागा दिली नाही, गोऱ्यांच्या शेजारी काळा सैनिक नको म्हणाले, हे वाचलं. त्याला कुंपणाबाहेर ओढ्याकाठी पुरलं, आणि त्याच्यासोबत त्याच सुरुंगात गेलेल्या डेलला, गोऱ्या दुकानदाराच्या पोराला, आत बँड, झेंडा, संगमरवर! लेक गेल्यापासून ओडेसामावशी अजून धड जेवत नाही म्हणतेस.

आई, त्या दोघांना गोळा करायचं काम माझ्याकडेच होतं. चिखलात काळं कुठलं, गोरं कुठलं, काही कळत नव्हतं. सार्जंट खेकसला, "निवडत काय बसलायस? दोन्ही पिशव्या सारख्या भर!" मी भरल्या.

मावशीला यातलं काही सांगू नकोस. फक्त ल्यूशसला फुलं वाहायला जाईल तेव्हा म्हणावं, थोडी कुंपणावरून आतही टाक.

तुझा, अजून अख्खा असलेला,
क्लीटस