दोरी आणि खटका

वलगाव,
रविवार, भर दुपार

सन्माननीय उत्तमराव इवाई यांना वलगावहून नत्थुजीचा रामराम. गुडघ्याचं तेल लागू पडलं का ते कळवा. इहीनबाईंना नमस्कार, माझ्या शुभमला आणि तुमच्या रागिणीला आशीर्वाद, आणि आपल्या नातीला (तिचा फोटो मी चक्कीत मीटरच्या वर लावला आहे, तिथे धूळ कमी बसते) एक पापा. फोन सोडून पत्र काहून, असं वाटेल. पण तुमच्या घरी फोन उचलला की लगेच स्पीकरवर जातो, आणि शुभमची माय रोज नातीला घेऊन तुमच्याच ओसरीवर असते. माझे कान तिखट आहेत, तिचे माझ्याहून तिखट.

तुम्ही जन्मभर वायरमनकी केली, म्हणून तुम्हालाच विचारतो. माझी मिरची-हळदीची चक्की तुम्ही पोरांच्या लग्नात पाहिली आहे. मोटर तीन फेजची, परतवाड्याच्या भंगारातून उचललेली. तेव्हा मी सायकलवर गावोगाव स्टो दुरुस्त करत फिरायचो. एकापेक्षा तीन बरे, एवढंच माझं विजेचं शिक्षण. घरी आणून पाहतो तर आमच्या टोकाच्या खांबावर फेज एकच. त्यावर ही मोटर नुसती घुमते, हलत नाही (जेवायला हाक मारल्यावर शेजारचा पुंजाजी "आलो, आलो" म्हणत बाजेवरच बसून राहतो, तशी). मग तोड काढली. पुलीला दोरी गुंडाळून मी हिसका द्यायचा, आणि चाक वेगात आलं की शुभमच्या मायनं खटका दाबायचा. लवकर दाबला तर मोटर घुमत तापते, उशीर झाला तर चाक मंदावतं. मधली वेळ पापणी लवण्याएवढी. बावीस वर्षांत मी तिला एकदाही "आता" म्हटलं नाही. ती माझ्याकडे पाहतही नसायची (बहुधा मिरच्या घेऊन आलेल्या जमुनाबाईशी तिच्या सुनेबद्दल बोलणं चालू असायचं). खटका मात्र बरोबर पडायचा.

दिवाळीनंतर ती नातीसाठी पंधरा दिवसांकरता तुमच्या अकोल्याला आली. आता चैत्र लागला. मधल्या काळात मी काय काय केलं ते ऐका. आधी खटक्याला सुतळी बांधली, दुसरं टोक पायाच्या अंगठ्याला. दोरी ओढली, पाय उचलला, खटका पडला आणि त्याच्यासंगं मीही, हळदीच्या टोपल्यात. दोन दिवस गाव मला नवरदेव म्हणत होतं. मग अमरावतीहून मोटरला आपोआप धक्का देणारा कंडेन्सर आणून लावला, तो पापडासारखा फुगला. शेवटी पुंजाजीला दोरीवर उभं केलं आणि खटका मी धरला. त्यानं दोरी उलटी गुंडाळली. एका फेजवरच्या मोटरला स्वतःचं मत नसतं, जिकडे हिसका द्याल तिकडे फिरते, हे तुम्हाला मी काय सांगावं. ती उलटी फिरली आणि जमुनाबाईचं तिखट खाली डब्यात जायचं सोडून वरच्या तोंडातून बाहेर आलं. एसटी स्टँडपर्यंत लोक शिंकत होते. पुंजाजी डोळे चोळत म्हणतो, "तू ओढ म्हनला, कोनीकडे ते नाई म्हनला." जमुनाबाईनं पदरात नाक धरूनच सांगितलं, "नत्थुभाऊ, वयनीले आना आंधी, नाई त मी पाट्यावर वाटीन."

चक्की बंद असली की घर फार शांत होतं. ती दिवसभर बोलायची, कधी माझ्याशी, कधी उतू जाणाऱ्या दुधाशी, आणि मी दोन्हीला "हं" म्हणायचो. नुसतं "हं" एकट्यानं म्हणता येत नाही, त्याला कुणाचं बोलणं लागतं, हे मला या वयात कळलं. परवा कुकरच्या शिट्टीला म्हटलं. तर इवाई, एका फेजवर मोटर एकट्या माणसानं सुरू करायची काही युक्ती असेल तर कळवा. नसेल, तर जुनीच युक्ती परत पाठवायची सोय होते का, तेवढं पाहा.

आपला,
नत्थुजी

ता. क. : वायरमनपासून वीज लपवणं बरं नाही. होळीच्या आधी आमच्या दारापुढे नवा खांब लागला आणि तीन फेज आले. आता एका बोटानं बटन दाबलं की मोटर सुरू. दोरी लागत नाही, दुसरा माणूसही लागत नाही. हे शुभमच्या मायजवळ बोलू नका. काम नसल्यावर ती कशाला परत येईल? तिचा फोन आला की मी आधी मोटर बंद करतो, मग उचलतो.

आणखी एक : पाकीट चिकटवणार तोच तिचा फोन आला. मी मोटर बंद केली, पण ती थांबायला जरा वेळ घेते. पलीकडून तिनं तेवढं ऐकलं. मग म्हणाली, "बंद काहून केली? चालू राहू द्या. महिना झाला, आयकून राहिली मी." मी बटन दाबून फोन चक्कीजवळ धरला. ऐकता ऐकता तिनं विचारलं, "दोरी फेकली त नाई ना?" याचं उत्तर द्यायला मी फोन ठेवून हे पत्र पाकिटातून परत काढलं. तेवढं तुम्ही तिला, माझ्या शकुनला, सांगा, दोरी खुंटीलाच आहे म्हणावं.